मुजावर मॅडमचा माउस

तुमच्या घरातलं माणूस बाहेरच्या सोप्यातून उठून स्वयंपाकघरात गेलं, तर ते घर सोडून गेलं असं धरून तुम्ही पुढच्या दाराला कडी घालता का?

घालत नसाल, तर माझ्या जुन्या ऑफिसातल्या बऱ्याच लोकांपेक्षा तुम्ही शहाणे आहात. तिथं असं दार रोज लावलं जायचं. ते लाकडाचं नव्हतं, कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं होतं, एवढाच फरक. त्या दारामुळं कोण बाहेर राहतंय हे कळल्यावरही ते तसंच ठेवलं गेलं. त्या प्रकाराची मला अजून किळस येते. आणि किळस आली की ती गिळायची नसते, हे मला ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव यास्मिन मुजावर.

आमचं ऑफिस राजारामपुरीत, औषधांच्या एका दुकानाच्या डोक्यावर होतं. दवाखाने, शाळा, पतसंस्था यांना लागणारे प्रोग्राम तिथं बनायचे. मी पडद्यावरचं मराठी लिहायला तिथं लागले होते. बटणावर कोणता शब्द टाकायचा, माणूस चुकला तर त्याला काय सांगायचं, असलं काम. माझे वडील कामगार संघटनेची पत्रकं काढायचे. घरात पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. अक्षरओळख मला त्यांच्यावरच झाली. त्यामुळे लिहिणं म्हणजे कुणाला तरी जागेवरून उठवणं, अशी माझी समजूत होती. ऑफिसात मात्र पहिल्याच दिवशी मी बिचकून सरकारी मराठी लिहिलं.

मुजावर मॅडम माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, उंच, नाकावर चष्मा, ओढणी खांद्यावर घट्ट पिन मारलेली. त्यांनी माझ्या पडद्यावरची ओळ मोठ्यानं वाचली.

"'कृपया वैध पर्यायाची निवड करण्यात यावी.' हे कोण बोलतंय?"

"म्हणजे?"

"म्हंजे तुझा आज्जा कलेक्टर हुता काय?"

"नाही."

"मग माणसागत लिव्ह. 'यातलं एक निवडा.' झालं की. वडील काय करतात तुझे?"

"पत्रकं काढायचे."

"पत्रकात त्यांनी असलं लिव्हलं असतं तर मोर्च्याला कुत्रं तरी आलं असतं का?"

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'पत्रकवाली' झाले. माझं खरं नाव त्यांनी कधी घेतल्याचं मला आठवत नाही.

त्या शिवाजी पेठेतल्या. पेठेतल्या बायका बोलतात तशा त्याही 'मी जातो, मी करतो' असंच बोलायच्या आणि मुंबईच्या गिऱ्हाइकाशी फोनवरही तसंच. पेठेतल्या तालमीच्या संघाची फुटबॉल मॅच असली की दुपारीच निघून जायच्या आणि दुसऱ्या दिवशी घसा बसलेला असायचा. ऑफिसात वाढदिवसाचा केक कापताना त्या उठून गॅलरीत जायच्या. "तोंडाला क्रीम फासतात. शी." हे 'शी' त्यांचं खास होतं. त्याला पायऱ्या होत्या. लांबवलेलं 'शीऽऽ' म्हणजे दुरुस्त होण्यासारखं आहे. तुटक 'शी' म्हणजे पुन्हा पहिल्यापासून करा. आणि अगदी हळू, ओठातल्या ओठात म्हटलं तर समजायचं, काम करणाऱ्याच्या हेतूबद्दल त्यांना शंका आलेली आहे.

माणूस म्हणून त्या गोड होत्या असं मी म्हणणार नाही. त्या चारचौघांत पोरांच्या कामाला घाण म्हणायच्या. चुकून अन्याय झाला तरी माफी मागत नसत, फार तर दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या टेबलावरून जाताना ओरडायच्या नाहीत. डबा एकट्या खायच्या. स्टीलचा, दोन पुडाचा, झाकणाला चेपा आलेला डबा. कुणाला घास देत नसत, कुणाचा घेत नसत.

आणि त्यांचा माउस. तो त्या रोज घरून आणायच्या, हिरव्या खणाच्या एका थैलीतून. थैली त्यांनी स्वतः शिवलेली, तोंडाला नाडी. कामाला बसल्या की ऑफिसचा माउस काढून बाजूला ठेवायच्या आणि आपला जोडायच्या. कुणी विचारलं तर, "दुसऱ्याचा टूथब्रश वापरतोस व्हय?" एवढंच.

खरं कारण वेगळं होतं. त्या माउसच्या चाकाखाली एक बारीक बटण होतं. ते दाबलं की पडद्यावरच्या बाणाचा वेग बदलायचा. गेम खेळणारी पोरं असला माउस बाण सुसाट पळावा म्हणून घेतात. मॅडमनी तो बाण रांगावा म्हणून घेतला होता. आमच्यातल्या कुणीही काही बनवलं की त्या आपल्या माउसचा वेग सगळ्यात खाली आणायच्या आणि तपासायला बसायच्या. "म्हातारीचा गियर टाकला," असं म्हणायच्या.

त्यांचे वडील पेठेत हार्मोनियम दुरुस्त करायचे. लहानपणी मॅडम त्यांच्याजवळ बसायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "अब्बा, पट्टी तर वाजतीया. मग परत का खोलता?" त्यावर ते म्हणाले होते, "माझ्या बोटाला वाजतीया. ज्याची पेटी हाय त्याची बोटं भजनात टाळ धरून जाड झाल्यात. त्याच्या बोटाला वाजाय पायजे." ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही जिना उतरता उतरता, आणि खाली पोचल्यावर "बघतीस काय, जा घरला," म्हणाल्या.

आता ते दार.

शहरातल्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलसाठी आमच्याकडं एक काम आलं. खाली हॉलमध्ये एक कॉम्प्युटर ठेवायचा, पेशंटबरोबर आलेल्या माणसानं स्वतःच माहिती भरायची आणि खोली निवडायची. टचस्क्रीन नव्हती, साधा माउस होता. हे काम ओंकारकडं होतं. ओंकार हुशार, चपळ, गेमवर पोसलेला. त्यानं पडद्यावर 'खोली' अशी एक चौकट ठेवली. बाण तिच्यावर नुसता आणला, न दाबता, की ती उघडायची आणि आत 'डिलक्स' आणि 'स्पेशल' दिसायचं. त्यांच्या खाली, त्या मोठ्या चौकटीच्या पोटातच, 'इतर' नावाची आणखी एक छोटी चौकट होती. जनरल वॉर्ड त्या छोट्या चौकटीत होता.

जनरल पोटातल्या चौकटीत का, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. हॉस्पिटलनं चित्र काढून दिलं होतं तसं त्यानं केलं.

अडचण अशी झाली. बाण मोठ्या चौकटीतून छोट्या चौकटीत गेला की मोठ्या चौकटीला निरोप जायचा, 'बाण गेला.' ती बिचारी मिटायची. आणि ती मिटली की पोटातली छोटीही मिटायची, जनरलसकट. ओंकारनं त्यावर तोड काढली. बाण गेल्याचा निरोप आला तरी चौकटीनं लगेच मिटायचं नाही, पापणी लवण्याइतका वेळ थांबायचं. तेवढ्या वेळात त्याचा हात झपकन जनरलवर जाऊन दाबून मोकळा व्हायचा. त्यानं विक्रम सरांना, म्हणजे आमच्या मालकांना, करून दाखवलं. सर म्हणाले, "एक नंबर."

मॅडम आपला माउस घेऊन आल्या. म्हातारीचा गियर. बाण रांगत मोठ्या चौकटीवर गेला, उघडली. रांगत छोटीकडं गेला. सगळं मिटलं. पुन्हा केलं. पुन्हा मिटलं.

"शी. ओंकार, हे मिटतंय."

"मॅडम, तुम्ही लई हळू नेताय."

"हळू न्यायला बंदी हाय काय?"

"तसं न्हाय. पण नॉर्मल माणूस..."

"नॉर्मल म्हंजे तू?"

पोरं हसली. मॅडम उठल्या. ओंकारला त्यांनी हॉलच्या दाराशी उभं केलं. "तू मोठी चौकट. माणूस हॉलमधनं गेला की कडी घालायची. पत्रकवाली, तू बाण. चल, चहाच्या खोलीत जा." आमची चहाची खोली हॉलच्या आतच, एका कोपऱ्यात, फळ्या मारून केलेली होती. मी आत गेले. ओंकारनं हसत हसत कडी घातली.

"का घातलीस?"

"बाण हॉलमधनं गेला."

"कुठं गेला?"

"चहाच्या खोलीत."

"म्हंजे ऑफिस सोडून गेला?"

"न्हाय."

"मग कडी का घातलीस?"

"मला 'गेला' असा निरोप आला की."

"निरोप खराच हाय. पण गेला कुठं, ते विचारलंस? ते निरोपातच लिव्हल्यालं असतंय. आपल्याच पोटात गेला आसंल तर गप बसायचं, मिटायचं न्हाय. बाहेर गेला आसंल तरच मिटायचं. एवढं वाचायचा कंटाळा, म्हणून तू घड्याळ लावून बसलास. पापणी लवण्याएवढं. कुणाची पापणी, तुझी का तुझ्या आज्जीची?"

मला वाटतं पडद्यावरच्या अशा चौकटी बनवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रयोग एकदा उभं राहून करायला लावला पाहिजे. मी प्रोग्रामर नाही, तरी त्या दिवशी ते सगळं मला लख्ख कळलं. ओंकारलाही कळलं. तो म्हणाला, "करतो मॅडम." पण सरांनी हॉस्पिटलला शब्द दिलेला होता, मॅडमकडं दुसरंच काम होतं, आणि "पुढच्या वेळी बघू" या ओळीवर ते जसं होतं तसं हॉस्पिटलच्या हॉलमध्ये जाऊन बसलं.

काही आठवड्यांनी मला आणि मॅडमना त्या हॉस्पिटलमध्ये पाठवलं. पडद्यावरचे काही शब्द लोकांना कळत नव्हते, ते मी बघायचे होते, आणि मॅडमना छपाईची काहीतरी अडचण सोडवायची होती. आम्ही हॉलमध्ये एका बाकावर बसलो. मॅडम म्हणाल्या, "गप बस आणि बघ. विचारू नको काय. विचारलं की माणसं चांगलंच सांगतात."

बिद्रीकडची एक बाई त्या कॉम्प्युटरपुढं बसली होती. आई घरात घसरून पडली होती, माकडहाड का खुबा ते अजून ठरायचं होतं, आणि ती म्हातारी चाकाच्या खुर्चीत कण्हत होती. बाईनं माउस धरला तो सगळा पंजा पसरून, परातीत भाकरी फिरवावी तसा. बाण हळूहळू चौकटीवर आला. उघडली. तिचे ओठ हलले, ती वाचत होती. मग बाण खाली निघाला, 'इतर'कडं. आणि सगळं मिटलं.

तिनं हात उचलला. माउसकडं बघितलं. आपल्या पंजाकडं बघितलं. पदराला हात पुसला आणि पुन्हा धरला. पुन्हा मिटलं.

"आटपा की मावशी," मागचा एकजण म्हणाला.

"जनरलवर जाऊ लागलं की मिटतंय वो हे."

दाराशी उभा असलेला वॉचमन पुढं आला. वाईट माणूस नव्हता, मदतच करत होता. "मिटलं म्हंजे भरलं, मावशी. जनरल भरलं की ते मिटतंय. वरचं दाबा, स्पेशलचं."

मला पहिल्यांदा वाटलं, हा त्याचा स्वतःचा अंदाज असेल. पण मागच्या रांगेतल्या बाईनंही मान हलवली. "व्हय, आमचंबी परवा भरलंच हुतं." म्हणजे त्या हॉलमध्ये हे सगळ्यांना ठाऊक झालेलं होतं. मिटलं म्हणजे भरलं. एसटी भरली की कंडक्टर दार ओढून घेतो, तसं. कॉम्प्युटर खोटं कशाला बोलेल?

बिद्रीच्या बाईनं आईकडं बघितलं आणि स्पेशल दाबलं. तेवढी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ती चिडली नाही. "आमाला न्हाईच म्हणतंय ते," एवढंच आईला म्हणाली.

मॅडम उठल्या आणि थेट खिडकीवर गेल्या. आतल्या मुलीला विचारलं, "जनरलला खाट हाय का?"

"हायत की. निम्मा वॉर्ड रिकामा हाय. कोण येतच न्हाई आता जनरलला."

त्या परत आल्या, बाईच्या हातातून माउस घेतला, स्पेशल रद्द केलं आणि झटक्यात जनरल दाबलं. कागद छापून तिच्या हातात दिला.

"तुमी दवाखान्यातल्या व्हय?" बाईनं विचारलं.

"न्हाय. ही घाण आमच्या ऑफिसची हाय," मॅडम म्हणाल्या. "पोटभर शिव्या द्या आमाला. आणि म्हातारीला आधी आत न्या."

आम्ही रिक्षानं परत निघालो. दसरा चौकाच्या सिग्नलला एकदाच, ओठातल्या ओठात, 'शी' ऐकू आलं.

ऑफिसात येऊन त्यांनी ओंकारला बाजूला सरकवलं आणि त्याच्या खुर्चीत बसल्या. संध्याकाळच्या आत दुरुस्ती झाली. मग त्यांनी मला बोलावलं. "डाव्या हातानं धर. आणि जमंल तेवढा हळू ने." मी डाव्या हातानं, थरथरत, मध्येच थांबत बाण नेला. मोठ्या चौकटीतून छोटीत. छोटीतून जनरलवर. तिथं थांबले. पडद्यावर काहीही मिटलं नाही. दोन्ही चौकटी उघड्या राहिल्या, आपलं माणूस आत आहे हे माहीत असलेल्या घरासारख्या.

मोहरमचे दिवस होते. मॅडमनी डबा उघडला आणि घरी केलेला चोंगा, मोहरमची ती गोड पोळी, मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. त्यांच्या डब्यातलं मी खाल्लं ते तेवढंच.

ती दुरुस्ती हॉस्पिटलमध्ये गेली. चौकट उघडी राहू लागली. आणि थोड्याच दिवसांत विक्रम सरांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. दुसऱ्या एका कामाचे शब्द ठरवायला मी आधीच आत बसलेले होते, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं.

"मॅडम, कुणाला विचारून बदललं तुम्ही?"

"चूक हुती. काढली."

"त्यांचा फोन होता. स्पेशल रिकामं पडायला लागलंय. त्यांना पहिल्यासारखंच पाहिजे."

"पहिलं मोडकं हुतं, सर."

"मोडकं कसं? जनरल दिसत होतं ना? क्लिक होत होतं. ओंकारला होतंय, मला होतंय."

"बिद्रीच्या बाईला होत न्हाई."

"मॅडम, प्रत्येक म्हातारीचा हात बघून आपण सॉफ्टवेअर करू शकत नाही."

"दवाखान्यात म्हाताऱ्याच येत्यात, सर. चपळ पोरं जिमला जात्यात."

सर हसले. त्यांना वाटलं विषय हलका झाला. मग ते पुढं वाकून, समजावल्यासारखं बोलले, "हे बघा, आपण लपवलंय का काही? पडद्यावर सगळं आहे. कायद्यानं बघा, कसंही बघा, जनरल तिथं आहे. लोकांना निवडता येत नाही, त्याला आपण काय करणार?"

मी लहानपणापासून मालकांविरुद्धची पत्रकं वाचत आले. त्यांतल्या मालकांना मोठे दात असायचे, हातात चाबूक असायचा. विक्रम सरांच्या हातात ग्रीन टीचा कप होता. ते कधी कुणावर ओरडले नाहीत. दिवाळीला सगळ्यांना स्वतःच्या हातानं फराळ वाटायचे. आणि त्याच स्वच्छ, सुगंधी माणसाच्या तोंडून ते वाक्य आलं. ती चौकट मिटत होती ती आदल्या महिन्यापर्यंत चूक होती. पोरानं कंटाळा केला, मालकानं घाई केली, होतं असं. आता कारण माहीत होतं, औषध माहीत होतं, औषध दिलेलं होतं, आणि ते काढून घ्या असं सांगितलं जात होतं. कळून ठेवलेल्या चुकीला चूक म्हणत नाहीत. तिला लूट म्हणतात. आणि ही लूट करायला कुणाचा गळा धरावा लागत नव्हता. कण्हणाऱ्या आईशेजारी बसलेल्या बाईला स्वतःच्या पंजाची लाज वाटली, की झालं काम.

"हे लुबाडणं आहे, सर," मी म्हणाले.

"तू बटणावरचे शब्द बघ," सर म्हणाले. "बरं झालं आठवलं. जनरलच्या खाली 'उपलब्धता मर्यादित' असं लिहून दे."

"निम्मा वॉर्ड रिकामा आहे."

"मर्यादित म्हणजे मर्यादितच. अमर्याद थोडाच आहे?"

मॅडम उभ्याच होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताट वाढायचं, आणि माणसानं घास उचलला की ताट वडून घ्यायचं. वर म्हणायचं, वाढलं हुतं की. आमच्या पेठेत ह्याला जेवण म्हणत न्हाईत सर. ह्याला जे म्हणतात ते ह्या पोरीसमोर मी बोलत न्हाय."

सरांनी ओंकारला हाक मारली. "जुनं परत टाक."

ओंकार दारात उभा राहून मॅडमकडं बघायला लागला. त्यानं ती कडी घातली होती, त्याला सगळं माहीत होतं. मॅडम म्हणाल्या, "टाक की. तुला येतंय." तो गेला आणि त्यानं टाकलं. नंतर चहाच्या खोलीत मला म्हणाला, "मला घर चालवायचंय." जसं काही बाकीच्यांची घरं वाऱ्यावर चालतात. बाकीची पोरं पडद्यात डोकं घालून बसली होती. इतकं मन लावून काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मॅडमनी आपला माउस काढला. वायर गुंडाळली, माउस खणाच्या थैलीत घातला, नाडी ओढली. आपला कप धुऊन पालथा ठेवला. डबा घेतला. दाराशी वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी जातो. कुठं गेली म्हणून विचारू नका. तुमाला सवय न्हाय."

कुणी विचारलं नाही.

'उपलब्धता मर्यादित' मी लिहिलं नाही. दुसऱ्या कुणीतरी लिहिलं. मीही ते ऑफिस सोडलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

त्यानंतर मी मॅडमना एकदाच पाहिलं. आमच्या शेजारच्या काकांना त्याच हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं, म्हणून दुपारच्या भेटीच्या वेळेला मी गेले होते. हॉलच्या काचेच्या दाराशी डबे घेतलेल्या नातेवाइकांची रांग होती. रांगेत मॅडम. तोच चेपलेला डबा हातात. वॉचमनही तोच.

"मॅडम, आज कुणाचा डबा?"

"तुज्या साहेबाचा. लई भुकेलाय."

वॉचमननं हसू दाबलं आणि त्यांना आत सोडलं. त्या सरळ कॉम्प्युटरशी गेल्या. पटका बांधलेले एक आजोबा तिथं बसून पडद्याशी झटत होते. मॅडमनी शेजारची खुर्ची ओढली, मांडीवर डबा ठेवला आणि झाकण उघडलं. आत भाकरी नव्हती. हिरव्या खणाची थैली होती.

त्यांनी हॉस्पिटलचा माउस काढला, आपला जोडला आणि चाकाखालचं ते बारीक बटण दाबलं. या वेळी उलट्या बाजूला. सगळ्यात वरचा वेग.

"आजोबा, हात हलवू नका जास्त. नुसता श्वास घेतला तरी पळतंय हे."

आजोबांनी हात हलवला आणि बाण पडद्याच्या पार कडेला गेला.

"श्वास म्हटलं मी, सूर्यनमस्कार न्हाय. परत."

आजोबांनी पुन्हा केलं. त्यांचा हात होता तितकाच हळू होता, पण बाणानं एका उडीत चौकट ओलांडली आणि ती मिटायच्या आत जनरलवर जाऊन बसला. मॅडमनी त्यांचं बोट दाबलं.

"लागलं की," आजोबा म्हणाले.

"लागणारच. तुमचंच हाय. पुढचं कोण?"

त्या वेळी वॉचमन रस्त्याकडं तोंड करून उभा होता. तो मुद्दाम तसा उभा होता, हे त्याच्या मानेवरून कळत होतं. मी हाक मारली नाही. मॅडमच्या चेहऱ्यावर दया नव्हती, समाधानही नव्हतं. घाण साफ करताना माणसाच्या चेहऱ्यावर असते ती किळस होती, आणि हात चालू होता.

पण एका बाईच्या एका माउसनं काय होणार? त्यांना भेटीच्या वेळेतच आत येता येतं. सकाळी जे येतात, अपघाताचं घेऊन धावत जे येतात, त्यांच्यासाठी ते दार आजही तसंच मिटतं, आणि ती माणसं आजही आपल्या हाताकडं बघून वरचं दाबतात.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. हे पत्रक आहे असं समजा आणि करा. कुणाला घेऊन दवाखान्यात गेलात आणि हॉलमध्ये असा पडदा दिसला, तर त्याच्यापुढं बसा. माउस मुद्दाम हळू न्या, तुमच्या आईनं नेला असता तसा. चौकट मिटली, तर तुमचा हात चुकला असं समजू नका, आणि वरचं दाबू नका. उठून खिडकीवर जा आणि तोंडानं सांगा, जनरल पाहिजे, खाट आहे का ते आत जाऊन बघा. आणि हे मोठ्यानं सांगा. मागं रांगेत उभ्या असलेल्या शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे.